थांबवता येणारा खेळ : हातातल्या व्हिडिओ गेमचा रूपबंध

‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या मालिकेतला ‘फँटम अवरग्लास’ हा खेळ २००७ साली निन्टेन्डोच्या डीएस या यंत्रासाठी आला. डीएस म्हणजे दोन पडद्यांचे, पुस्तकासारखे उघडणारे आणि मिटणारे यंत्र. या खेळात एके ठिकाणी वरच्या पडद्यावर एक चिन्ह दिसते आणि खालच्या पडद्यावर समुद्राचा नकाशा असतो. हे चिन्ह नकाशावर उमटव, असे खेळ सांगतो. खेळणारा सगळी बटणे दाबून पाहतो, पडद्यावर काडी घासून पाहतो, फुंकरही मारून पाहतो, कारण याच खेळात इतरत्र फुंकरीला काम दिलेले असते. काही होत नाही. उत्तर असे की, यंत्र मिटायचे. वरचा पडदा खालच्यावर टेकतो, आणि पुन्हा उघडून पाहावे तर नकाशावर शिक्का उमटलेला असतो.

कोडे म्हणून हे चांगलेच आहे. पण डीएस मिटणे ही त्या यंत्राच्या भाषेत एक ठरलेली क्रिया होती. स्टेशन आले, आईने हाक मारली, वर्गात शिक्षक आले की यंत्र मिटायचे. मिटले की खेळ होता तिथे झोपी जायचा आणि उघडला की तिथूनच जागा व्हायचा. म्हणजे ज्या कृतीने खेळ थांबतो, तीच कृती इथे खेळातली चाल झाली. हे टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर किंवा संगणकावर करता येणार नाही. मोबाइलवरही नाही. हे कोडे हातातल्या यंत्राच्या पोटातूनच जन्मले आहे.

हातात मावणाऱ्या गेमयंत्रांच्या भवितव्याविषयी सध्या पुष्कळ बोलले जाते. ते बोलणे बहुतेक वेळा चिपच्या वेगाचे, पडद्याच्या इंचांचे आणि बॅटरीच्या क्षमतेचे असते. प्रस्तुत लेखात मला वेगळा प्रश्न विचारायचा आहे. हँडहेल्ड हा व्हिडिओ गेमचा केवळ लहान आकार आहे, की त्याला स्वतःचा रूपबंध आहे? मासिकात छापली जाणारी कथा ही कादंबरीची लहान आवृत्ती नसते, हे मराठी वाचकाला सांगायला नको. माझे मत असे की हातातल्या खेळालाही असा स्वतंत्र रूपबंध होता, आणि तो विरामावर उभा होता. त्या विरामावर मालकी कोणाची, या प्रश्नावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे.

आरंभ क्योटोचा. निन्टेन्डो ही १८८९ साली हानाफुदा नावाचे जपानी पत्ते बनवण्यासाठी निघालेली कंपनी. तिथे १९६५ साली गुनपेई योकोई हा तरुण पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला लागला. पुढे तो खेळणी बनवू लागला. शिंकान्सेन गाडीत एक नोकरदार कंटाळून खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसला होता, ते पाहून योकोईला छोट्या खेळाची कल्पना सुचली, ही गोष्ट आता दंतकथेसारखी सांगितली जाते. १९८० साली ‘गेम अँड वॉच’ आले. कॅल्क्युलेटरच्या स्पर्धेत एलसीडी पडदे स्वस्त झाले होते. ते पडदे शार्प कंपनीने पुरवले. एका यंत्रात एकच खेळ, आणि कोपऱ्यात घड्याळ. १९८२ साली ‘डाँकी काँग’च्या दुहेरी पडद्याच्या आवृत्तीत योकोईने अधिकचिन्हासारखे चार दिशांचे बटण बसवले. आज जगातल्या जवळपास प्रत्येक गेमयंत्रावर डाव्या अंगठ्याखाली ते असते.

योकोईच्या विचाराला एक नाव आहे. जपानीतून त्याचे भाषांतर बहुधा ‘वाळलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार’ असे केले जाते. मूळ शब्दाचा अर्थ वाळलेले असा होतो खरा. पण तिथल्या इंजिनीअरांच्या बोलण्यात तो ज्या अर्थाने येतो, त्याला आपला ‘मुरलेले’ हा शब्द जास्त जवळचा वाटतो. नवीन म्हणून मिरवणारे तंत्र महाग असते, बिघडते, आणि त्याचे दोष अजून कळलेले नसतात. मुरलेले तंत्र स्वस्त असते, भरवशाचे असते. त्याचा ज्या कामासाठी कोणी विचार केला नाही, त्या कामासाठी विचार करायचा.

याचे ठळक उदाहरण म्हणजे १९८९चा गेम बॉय. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, रंग नाहीत, हिरवट पिवळ्या पार्श्वभूमीवर चार छटा. मागून प्रकाश नाही. चार पेन्सिल सेल घातले की दहा-पंधरा तास सहज चालायचा. अमेरिकेत किंमत सुमारे ९० डॉलर. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला : रंगीत, प्रकाशित पडदा, किंमत सुमारे १८० डॉलर, आणि सहा सेल चार-पाच तासांत संपायचे. १९९० साली सेगाचा गेम गिअर आला. तोही रंगीत, तोही सहा सेल खाणारा. गेम बॉय आणि त्याचा रंगीत उत्तराधिकारी मिळून पुढे ११ कोटी ८० लाखांहून अधिक यंत्रे खपली. गेम गिअर सुमारे एक कोटीवर थांबला.

ही तुलना बहुतेक ठिकाणी व्यवस्थापनशास्त्राचा धडा म्हणून दिली जाते : स्वस्त आणि टिकाऊ माल जिंकतो. ते चूक नाही, पण अपुरे आहे. सेल चार तासांत संपत असतील, तर खेळणारा खेळायला बसतो तो घड्याळाकडे बघत. सेल कधी संपले ते आठवतही नसेल, तर यंत्र खिशातल्या रुमालासारखे होते. दहा मिनिटे मिळाली, काढले, संपली, ठेवले. आपल्याकडे अशा वेळाला ‘फावला वेळ’ म्हणतात. त्यात ‘फावणे’ हे क्रियापद आहे, म्हणजे साधणे, सवड गवसणे. कामाच्या दोन भिंतींमध्ये आपोआप सापडलेली फट. गेम बॉय त्या फटीत मावायचा.

त्या फटीसाठी पहिला मोठा खेळ आला तोही मुरलेल्या तंत्रातूनच. अलेक्सेई पाजित्नोव्ह याने १९८४ साली मॉस्कोत विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात ‘टेट्रिस’ रचला, तो इलेक्ट्रोनिका ६० या संगणकावर. त्या यंत्राला चित्रे काढताच येत नव्हती, म्हणून विटा कंसांच्या चिन्हांनी दाखवल्या होत्या. चित्र नसतानाही जो खेळ पूर्ण होता, त्याला चार छटांचा पडदा म्हणजे चैनच. हेंक रॉजर्स याने मॉस्कोत जाऊन हातयंत्राचे हक्क मिळवले आणि अमेरिकेत गेम बॉयसोबत टेट्रिसच द्यावा, म्हणजे मुलांपुरते न राहता यंत्र सगळ्यांचे होईल, असे निन्टेन्डोला पटवले. टेट्रिसला गोष्ट नाही, शेवट नाही. कुठेही सोडला तरी काही अर्धे राहत नाही. फावल्या वेळाचा तो शुद्ध खेळ.

पण हातातल्या खेळात गोष्ट सांगता येते का? मोठी, भावनेला हात घालणारी गोष्ट, तीही तुकड्यातुकड्यांनी? इथे मला १९९३च्या ‘लिंक्स अवेकनिंग’वर थोडे थांबायचे आहे, कारण या रूपबंधाची सर्वोत्तम कृती माझ्या मते तीच.

या खेळाची सुरुवात कार्यालयीन वेळेनंतर झाली. काझुआकी मोरिता हा प्रोग्रॅमर गेम बॉयवर हौसेने प्रयोग करत होता, त्यातून तो वाढला. ताकाशी तेझुका दिग्दर्शक होते. अमेरिकन दूरदर्शनवरच्या ‘ट्विन पीक्स’सारखी, थोडी माणसे असलेल्या विचित्र गावाची गोष्ट त्यांना हवी होती. नायक लिंक वादळात सापडून कोहोलिंट नावाच्या बेटावर वाहत येतो. बेटाच्या डोंगरावर एक प्रचंड अंडे आहे, त्यात वायुमत्स्य झोपला आहे. आठ वाद्ये गोळा करून त्याला उठवले तरच बेटाबाहेर पडता येईल. निम्म्याहून अधिक खेळ झाल्यावर एका देवळातल्या भिंतीवर सत्य कळते : हे बेट म्हणजे त्या माशाचे स्वप्न आहे. तो जागा झाला की गाव, दुकानदार, कुत्री, आणि ज्या मारिन नावाच्या मुलीने आपल्याला किनाऱ्यावरून उचलून आणले तीही, सगळे विरून जाणार. खेळ पुढे नेणे म्हणजे त्या सगळ्यांना नाहीसे करत जाणे. आणि दुसरा मार्ग नाही.

हा आशय लहान पडद्यावरच का खुलतो, ते पाहावे. बेटाचा नकाशा सोळा बाय सोळा चौकटींचा आहे, आणि पडद्यावर एका वेळी एकच चौकट दिसते. काठावर पाऊल टाकले की चित्र सरकते आणि शेजारची चौकट येते. जग पानापानांनी समोर येते. पान उलटले की मागचे नसतेच. स्वप्नाची रचना याहून वेगळी ती काय असते? या २५६ पानांतले प्रत्येक पान आठवणीत राहील असे आखलेले आहे : इथे एक झाड जास्त, तिथे खडकामागे वाट. शिवाय कुठल्याही क्षणी चार बटणे एकदम दाबली की खेळ जतन करून बंद करता येतो. म्हणजे बेटावरून निघून जाण्याची मुभा आपल्याला रोज, हव्या त्या क्षणी आहे. बसच्या थांब्यावर आपण बेट खिशात टाकतो, ते झोपलेले राहते. उठवणाऱ्याने उठवले की संपणाऱ्या जगाची गोष्ट अशा यंत्रावर सांगितली आहे, जे आपण दिवसातून चारदा उघडतो आणि मिटतो. तेझुकांच्या मनात हे होते की नव्हते, त्याने फरक पडत नाही. कृतीत ते आहे.

(जाता जाता : या खेळात दुकानदाराची पाठ वळली असताना वस्तू घेऊन पळता येते. मात्र त्यानंतर खेळ आपले नाव पुसून टाकतो आणि बेटावरचा प्रत्येक माणूस आपल्याला ‘चोर’ म्हणूनच हाक मारतो. अर्ध्या मेगाबाइटच्या खेळात एवढी नैतिक विनोदबुद्धी.)

२०१९ साली या खेळाचे स्विच यंत्रासाठी पुनर्निर्माण झाले. ते सुंदर आहे. मातीच्या बाहुल्यांसारखी पात्रे, कडेने धूसर होत जाणारे दृश्य, नवे वाद्यमेळ. बटणे जास्त असल्याने तलवार आणि ढाल यांच्यासाठी सारखे यादीत शिरावे लागत नाही, आणि तो जुना जाच गेला याचे मला दुःख नाही. पण बाहेरचे बेट आता सलग सरकते. चौकटी गेल्या. सोयीच्या दृष्टीने ही सुधारणाच; परीक्षणांत तसेच लिहिले गेले. कवितेच्या ओळी जोडून परिच्छेद केला, तर शब्द एकही गळत नाही, तसेच काहीसे हे झाले आहे. कडा धूसर करून स्वप्नाचा आभास आणावा लागला, कारण पानांनी आणलेले स्वप्न काढून टाकले होते.

हातातल्या यंत्राचा दुसरा गुण म्हणजे ते दुसऱ्या माणसाजवळ नेता येते. गेम बॉयच्या कडेला एक केबल लावायची खाच होती. बरीच वर्षे तिचा उपयोग मर्यादितच राहिला. १९९६ साली सातोशी ताजिरी यांचा ‘पोकेमॉन’ आला. ताजिरींना लहानपणी किडे पकडण्याचा नाद होता आणि केबलमधून किडा इकडून तिकडे सरपटत जातो आहे, असे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर होते. खेळाच्या लाल आणि हिरव्या अशा दोन आवृत्त्या एकाच वेळी विकल्या. प्रत्येकीत काही प्राणी नाहीत. सगळे हवे असतील तर ज्याच्याकडे दुसरी आहे, त्याच्या शेजारी जाऊन बसायचे. काही प्राणी तर दुसऱ्याच्या यंत्रात गेल्याखेरीज वाढतच नाहीत. विक्रीची युक्ती म्हणून याला कोणी हसेल, आणि ती युक्ती होतीच. पण ती तार आखूड होती, आणि तेवढ्या अंतरात दोन मुले यावी लागत. २०११च्या थ्रीडीएस यंत्राने हेच बिनतारी केले. खिशातले यंत्र रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या खिशातल्या यंत्राशी परस्पर भेट घेई आणि घरी आल्यावर आज कोण भेटले ते दाखवी. टोकियोच्या लोकलमध्ये हे रंगत असणार. आपल्या लोकलमध्ये खिशाखिशांत अंतरच नाही, तिथे काय झाले असते, याची कल्पना करायला हरकत नाही.

आपल्याकडे गेम बॉय आला तो परदेशातून येणाऱ्या मामा-काकांच्या बॅगेतून, आणि मोजक्या घरांत. मराठी मुलांच्या हातात जे पडले ते वेगळे होते. जत्रेत, रेल्वेत, स्टेशनाबाहेरच्या पथारीवर मिळणारा ‘ब्रिक गेम’. वर ‘९९९९ इन १’ असे लिहिलेले. हे ९९९९ म्हणजे शुद्ध थाप होती : मूठभर खेळ, आणि बाकी वेग बदलून, अडथळे बदलून केलेली बेरीज. चिनी कारखान्यांतून निघालेले, बहुधा कोणाचेही हक्क न विचारता केलेले हे यंत्र दहा बाय वीस चौकोनांवर टेट्रिस खेळवी. गेम बॉयच्या टेट्रिसची विहीर दहा बाय अठराची होती. म्हणजे आपली विहीर दोन ओळी अधिक खोल. मला हे यंत्र हसण्यावारी न्यावेसे वाटत नाही. योकोईचे तत्त्व शेवटपर्यंत ताणले तर हातात ब्रिक गेमच येतो : सर्वांत मुरलेला पडदा, सर्वांत स्वस्त चिप, आणि तरी तासन्‌तास पुरणारा खेळ. त्यानंतर नोकिया आला. १९९७च्या ६११० या फोनात तानेली आर्मांतो याने ‘स्नेक’ घातला होता. आपल्याकडे ३३१०सारख्या फोनांतून तो साप घरोघरी पोचला. हँडहेल्डचा मराठी इतिहास कोणी लिहिलाच, तर तो ब्रिक गेम आणि नोकियाच्या सापापासूनच सुरू करावा लागेल.

सोनीच्या पीएसपी यंत्रासाठी मात्र काही देशी प्रयत्न झाले. २००९चा ‘देसी अड्डा’ हा विटीदांडू-कबड्डीसारख्या खेळांचा संच होता. कल्पना बरी होती, परंतु अंगणातल्या खेळाचे नाव घेतले की अंगण आपोआप येते अशी समजूत त्यामागे दिसते. विटीदांडूतला नेम बटणावर कसा येईल, याचा विचार नाव देण्याच्या पुढे फारसा गेलेला नाही.

मोबाइलने हँडहेल्डला मारले, असे २०११च्या सुमारास सर्रास म्हटले जाई. कारणेही तशीच होती. थ्रीडीएस खपेना, तेव्हा काही महिन्यांतच त्याची किंमत २५० डॉलरवरून १७० डॉलरपर्यंत उतरवावी लागली आणि निन्टेन्डोचे अध्यक्ष सातोरु इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. सोनीचा व्हिटा अप्रतिम यंत्र असूनही रेंगाळला आणि २०१९ साली त्याचे उत्पादन थांबले. खिशात फोन असताना दुसरे यंत्र कोण बाळगणार?

मात्र फोनने हँडहेल्डची नेमकी कोणती गोष्ट घेतली, ते तपासले पाहिजे. त्याने फावला वेळ घेतला. रूपबंध घेतला नाही. उलट त्याला आतून फिरवला. २०१२चा ‘कँडी क्रश सागा’ आठवावा. पाच प्राण असतात, हरलो की एक जातो, आणि एक प्राण परत यायला अर्धा तास लागतो. थांबायचे नसेल तर पैसे मोजा, किंवा मित्रांकडे मागा. गेम बॉयवर खेळणारा थांबत होता, कारण त्याचे स्टेशन आले. इथे खेळणारा थांबतो, कारण कंपनीने थांबवले. आणि त्याचा खराच फावला वेळ संपून तो कामाला लागला असता फोन कंप पावतो : तुमचे प्राण भरले, या. विराम खेळणाऱ्याच्या हातून निघून दुकानदाराच्या हाती गेला. छोट्या खेळांना कमी लेखून मी हे म्हणत नाही. नोकियाचा सापही फोनवरच होता. तो कधी बोलवायला आला नाही.

म्हणूनच २०१७च्या निन्टेन्डो स्विचचे आणि २०२२च्या स्टीम डेकचे स्वागत मोठ्या सुटकेच्या भावनेने झाले. स्विच टीव्हीला जोडता येतो आणि उचलून नेताही येतो. १५ कोटींवर यंत्रे खपली. व्हॉल्व कंपनीचा स्टीम डेक म्हणजे तर लिनक्सवर चालणारा अख्खा संगणकच. विंडोजसाठी केलेले हजारो खेळ त्यावर चालतात, आणि सुटे भाग विकत घेऊन तो घरी दुरुस्तही करता येतो. मागोमाग आसुस आणि इतरांची अशीच यंत्रे आली. जून २०२५मध्ये स्विच २ आला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने केलेला ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांच्या वातावरणातला खेळ २०२० साली जगात सर्वप्रथम प्रसिद्ध झाला तो स्विचवर. त्या वेळी स्विच भारतात अधिकृतपणे विकलाच जात नव्हता. पुण्यात घडलेला खेळ पुण्यात खेळायचा, तर लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून आडमार्गाने आलेले यंत्र घ्यायला हवे होते.

या यंत्रांचे यश मला मान्य आहे, त्यांचा आनंदही मी घेतो. तरी रूपबंधाच्या दृष्टीने माझी तक्रार आहे. स्टीम डेकचे वजन साडेसहाशे ग्रॅमच्या वर होते. गेम बॉय सेलांशिवाय सव्वादोनशेच्या आत. डेकला पंखा लागतो. मोठा खेळ लावला की दोनएक तासांत चार्जर शोधावा लागतो. म्हणजे लिंक्स आणि गेम गिअर तीस वर्षांनी परत आले, आणि या खेपेला तेच विजेते ठरले. त्यावर चालणारे बरेच खेळ खुर्चीत बसून, मोठ्या पडद्यापुढे खेळण्यासाठी रचलेले. अक्षरे मुंगीएवढी, संवाद अर्ध्या तासाचे. आपण खेळ हातात घेतो खरा, पण तो हातासाठी लिहिलेला नसतो. नाटकाचे चित्रीकरण आणि चित्रपट यांतला फरक आपण शंभर वर्षांपूर्वीच शिकलो होतो.

अपवाद आहेत, आणि तेच आशेची जागा आहेत. ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ किंवा २०२४चा ‘बलाट्रो’ हे खेळ कशावरही चालतात, परंतु हातात घेतल्यावर जागेवर बसल्यासारखे वाटतात. ‘बलाट्रो’ तर पत्त्यांचाच खेळ, एकट्या निर्मात्याने नाव न सांगता केलेला. एक डाव, दोन डाव, मिटा. विराम खेळणाऱ्याकडे परत येतो. पॅनिक कंपनीचा ‘प्लेडेट’ हे दुसरे टोक : पिवळा, तळहाताएवढा, रंग म्हणजे फक्त काळा आणि पांढरा, आणि कडेला फिरवायचा एक दांडा. त्याचे काही खेळ या दांड्याशिवाय कल्पिताच येत नाहीत, ही फार मोलाची गोष्ट. फक्त त्याची सुरुवातीची किंमतच १७९ डॉलर होती. योकोईने तंत्र मुरलेले निवडले ते यंत्र स्वस्त पडावे म्हणून. इथे काटकसरच शौकाची वस्तू होऊन बसली आहे.

उलट सोनीने २०२३ साली जे प्लेस्टेशन पोर्टल काढले, ते घरातल्या मोठ्या यंत्रातून वायफायवरून आलेले चित्र दाखवणारा नुसता पडदा होते. सुरुवातीला घरातले यंत्र चालू नसेल तर त्याचा काहीही उपयोग नव्हता. पोर्टेबल म्हणून विकलेली ही वस्तू बस सुरू झाली की निरुपयोगी. अनेक तज्ज्ञांना भविष्य याच दिशेला दिसते : खेळ दूरच्या संगणकावर चालेल, हातात फक्त पडदा राहील. तसे झाले तर थांबवण्याचा हक्कही दूरच्याच संगणकाकडे जाईल.

हा हक्क आत्ताच सरकू लागला आहे. थ्रीडीएसचे ऑनलाइन दुकान मार्च २०२३मध्ये बंद झाले. केवळ तिथेच विकले जाणारे खेळ तेव्हापासून कायदेशीररीत्या कोणालाच नव्याने घेता येत नाहीत. स्विच २च्या काही खेळांच्या कॅसेटमध्ये खेळ नसतोच, फक्त किल्ली असते. खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. दुकान मिटले की किल्ली उरेल, कुलूप नाही. अमेरिकेच्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली पाहणी केली, तीत २०१०पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असे आढळले. गेम बॉय कुटुंबाच्या बाबतीत तर सहा टक्केही मिळत नाहीत. मूकपटांचे आपण काय केले ते आपल्याला ठाऊक आहे. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ही आज पूर्ण पाहता येत नाही. तिथे निदान नायट्रेटच्या ज्वालाग्राही फिल्मचे कारण सांगता येते. इथे बहुतेक खेळ कोणाच्या ना कोणाच्या संगणकात सुरक्षित आहेत. मिळत नाहीत इतकेच.

म्हणून जुने खेळ नव्या यंत्रावर चालवणारे इम्युलेटर हे या क्षेत्रातले खरे ग्रंथपाल झाले आहेत, आणि त्यांच्यावर चोरीचा शिक्का आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. स्विचचे खेळ संगणकावर चालवणाऱ्या ‘युझू’च्या निर्मात्यांना मार्च २०२४मध्ये निन्टेन्डोला २४ लाख डॉलर देण्याचे कबूल करून काम बंद करावे लागले. बाजारात विकला जात असलेला खेळ फुकट वाटला जात असेल, तर तक्रार समजण्यासारखी आहे. पण जो खेळ कोणीच विकत नाही, त्याच्या बाबतीत तोच न्याय लावला जातो तेव्हा नुकसान कोणाचे होते, हे सांगणे कठीण जाते. आज ऑनलाइन बाजारात मिळणाऱ्या छोट्या चिनी यंत्रांत असे शेकडो खेळ भरलेले असतात. ‘९९९९ इन १’ची थाप या खेपेला जवळजवळ खरी झाली आहे.

तरी काही गोष्टी इम्युलेटरच्याही आवाक्याबाहेर राहतात. पोकेमॉनच्या पहिल्या कॅसेटमध्ये खेळाडूची प्रगती एका बटण सेलवर जिवंत राहत असे. ते सेल आता एकेक करून विझत आहेत, आणि सोबत कोणाच्या तरी दहाव्या वर्षीचे सगळे प्राणी. ‘फँटम अवरग्लास’चे यंत्र मिटण्याचे कोडे इम्युलेटरवर एका कळीने सुटते. २००३ साली हिदेओ कोजिमा यांच्या देखरेखीखाली ‘बोकटाय’ नावाचा खेळ निघाला होता. त्याच्या कॅसेटवरच ऊन मोजणारा एक संवेदक बसवलेला होता. रक्तपिपासूंना मारणारी बंदूक भरायची, तर खेळणाऱ्याने खरोखर घराबाहेर उन्हात जाऊन उभे राहायचे. मुलांनी बाहेर जावे म्हणून व्हिडिओ गेमच तगादा लावतो आहे, असे पालकांच्या इतिहासात बहुधा एकदाच घडले असेल. तो खेळ आज इम्युलेटरवर चालतो. खिडकी बंद करून, रात्री दोन वाजताही. ऊन किती हवे ते मेनूतल्या एका आकड्याने ठरवता येते.